असं म्हणजे कसं?

मौनीबाईचं खरं नाव तिच्या ओळखपत्रावर होतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. हवाखात्यात तिला सगळे मौनीबाई म्हणायचे. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नाही. तिने मात्र त्याला कधी हरकत घेतली नाही, आणि हरकत घेतली नाही हाच नाव बरोबर असल्याचा पुरावा ठरला.

त्यांचं शहर छताखाली होतं. बाहेरची हवा छातीत घेण्याजोगी राहिली नव्हती त्याला तीन पिढ्या उलटल्या होत्या, त्यामुळे आता त्याचं कोणाला काही वाटत नसे. प्रत्येक इमारतीच्या तळाशी एक हवाखोली. आत एक पंप, चार गाळण्या, कवेत न मावणारे नळ आणि दारावर टांगलेलं एक कार्ड. पंप बिघडला की इमारत रिकामी करायची, मिस्त्रीने आत जाऊन दुरुस्ती करायची, आणि मग पहिल्या वर्गाच्या मिस्त्रीने येऊन कार्डावर सही करायची. सही झाली की माणसं आपापल्या घरी.

मौनीबाई दुसऱ्या वर्गात होती. म्हणजे दुरुस्ती तिची आणि सही दुसऱ्याची. तिच्या विभागात सहीला एक गृहस्थ यायचे, त्यांना लोक सहीराव म्हणत. सहीराव दारातूनच डोकवायचे, "झालं का? वा वा!" म्हणायचे आणि खिशातून पेन काढायचे. माणूस वाईट नव्हता, धडधडीत खोटंही कधी बोलला नाही. फक्त बावीस वर्षांत त्यांचे हात ग्रीसने काळे झालेले कोणी पाहिले नव्हते. आणि विभागभरच्या दीडेकशे हवाखोल्यांच्या दारांवर, जिथे जिथे मौनीबाईचा घाम गळला होता तिथे तिथे, सहीरावांचं झोकदार नाव लटकत होतं.

तिला हे काम तिच्या बाबांनी शिकवलं. बाबा तिसऱ्या वर्गात लागले आणि चाळीस वर्षांनी तिसऱ्याच वर्गातून निवृत्त झाले. हाताला त्यांच्या तोड नव्हती. मुलीला ते वयाच्या बाराव्या वर्षापासून घेऊन बसायचे, पण शिकवायला त्यांच्याकडे शब्द एकच होता. "पाना असा धर. असा नाही, असा. आता असं फिरव. हां, असं." बस्स. झडप बसवणं म्हणजे असं, गाळणी काढणं म्हणजे असं, आणि पंप कधी दगा देणार हे ओळखायचं ते असं. पोरीचे डोळे बाबांच्या हातावर आणि बाबांचे डोळे पोरीच्या हातावर. दहा वर्षांत ती तयार झाली, आणि त्या दहा वर्षांत बापलेकींनी मिळून एक अख्खं वाक्य त्या कामाबद्दल उच्चारलं असेल तर शपथ.

इथपर्यंत ठीक होतं. घोडं पेंड खायचं ते पुढे. पहिल्या वर्गाची परीक्षा तोंडी होती. हात बघायचे नाहीत, उमेदवाराने कागदावर लिहायचं नाही, फक्त तोंडाने सांगायचं. कारण काय, तर पहिल्या वर्गाच्या मिस्त्रीला दुसऱ्याला समजावता आलं पाहिजे. विचार चांगलाच होता. ज्याने काढला त्याला बोलता येत असणार.

मौनीबाई पहिल्यांदा गेली तेव्हा तिला विचारलं, गाळणी कशी बदलाल? ती म्हणाली, "अशी." आणि हात वर केले. परीक्षक दोन मिनिटं थांबले आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली. दुसऱ्यांदा ती पाठ करून गेली, पण टेबलापलीकडचे चेहरे दिसले आणि पाठ केलेलं कुठल्या कुठे पळालं. तिसऱ्यांदा घशाला कोरड पडली ती पडलीच, 'अशी'सुद्धा बाहेर आलं नाही. आयुष्यात चारच संधी मिळत. तीन गेल्या. चौथी तिने जपून ठेवली, म्हणजे खरं सांगायचं तर भीतीने गाडून टाकली. चौथ्यांदा नापास झालं की दुसऱ्या वर्गाचा शिक्का कायमचा.

बोलणं न जमण्याचा फटका तिला काही एकाच ठिकाणी बसला नव्हता. लग्नाचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा मुलाकडच्यांनी विचारलं आणि ती गप्प राहिली, म्हणून नकार समजून माणसं निघून गेली. त्यातला पहिला तिला नको होता. दुसरा हवा होता.

आणि मग अकरा वर्षांपूर्वी खात्याने तिच्या गळ्यात टकळी बांधली.

त्याचं असं झालं. पंप बंद असला की हवाखोलीतली हवा पातळ होते, आणि पातळ हवेची खोड अशी की गुदमरायला होत नाही, नुसती झोप येते. दोन वर्षांत तीन मिस्त्री बसल्या जागी झोपले आणि पुन्हा उठले नाहीत. म्हणून एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला एक छोटा रोबो मिळाला. कागदोपत्री त्याचं नाव 'सोबती'. चहाच्या किटलीएवढं धूड, तीन आखूड पाय, वर एक डोळा आणि खाली जाळीचं तोंड. त्याने सतत बोलत राहायचं आणि मिस्त्रीकडून उत्तर घ्यायचं. दोन मिनिटं उत्तर आलं नाही की भोंगा वाजवायचा. 'हं' चालायचं नाही, कारण झोपेतला माणूसही 'हं' म्हणतो. पूर्ण वाक्य हवं.

आता असलं यंत्र मौनीबाईला! पहिल्या दिवशी भोंगा अकरा वेळा वाजला. अकरा वेळा अग्निशमनवाले शिडी घेऊन धावत आले आणि अकरा वेळा मौनीबाई पाना हातात धरून, कान लाल करून उभी. शेवटच्या खेपेला त्यांचा मुकादम दाराला टेकून म्हणाला, "ताई, दोन शब्द बोला हो. आमच्या पायांवर तरी दया करा." त्या दिवशी घरी येऊन तिने ती किटली कपाटात कोंबली. कपाटातून आवाज आला, "ताई, इथे सुती कपडे आहेत का लोकरीचे? आवाज दबल्यासारखा येतोय."

टकळी हे नाव त्याच आठवड्यात पडलं, आणि किटलीला ते आवडलं. "टकळी म्हणजे सूत काढायची चाती आणि अखंड बोलणं, दोन्ही," तिने आपल्या शब्दकोशातून शोधून सांगितलं. "मला दुसरा अर्थ लागू होतो ना ताई? सूत काही मला काढता येत नाही."

त्यात आणखी एक भर. टकळी आंधळी निघाली. डोळा होता, पण तो कारखान्यातूनच मेलेला आला होता. मौनीबाईने बदलीचा अर्ज केला तर तो परत आला, कारण त्यात एक रकाना रिकामा होता: 'सदोष डोळ्याने काढलेले छायाचित्र जोडावे.' तिने दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा एक कोरा काळा चौकोन जोडून पाठवला. खात्याने कळवलं की छायाचित्र अस्पष्ट आहे. त्यानंतर तिने नाद सोडला.

म्हणजे टकळीला ऐकू सगळं यायचं आणि दिसायचं काहीच नाही. आणि कामाची रोजची नोंद लिहायची जबाबदारी तिचीच होती. आधी मिस्त्री लोक वहीत 'दुरुस्ती केली' एवढंच खरडायचे. टकळीला तेवढ्यावर भागत नसे.

"काय करताय ताई?"

"बोल्ट सोडतेय."

"कसा?"

"असा."

"असा म्हणजे कसा?"

"असा म्हणजे... असा गं!"

"मला दिसत नाही ताई. दोन मिनिटांतली एक गेली. असा म्हणजे कसा?"

मौनीबाईने पाना आपटला. मग तिला अग्निशमनवाल्यांचे पाय आठवले. "डावीकडे," ती कशीबशी म्हणाली. "डावीकडे फिरवून."

"कोणाच्या डावीकडे?"

अशी ती सुरुवात झाली. कोणाच्या डावीकडे, किती जोराने, आधी कुठला आणि नंतर कुठला, घट्ट म्हणजे किती घट्ट, आवाज बदलला म्हणजे कशाचा कसा झाला. मौनीबाईला पहिलं वर्षभर वाटायचं की हे यंत्र पंपात घालून दळून काढावं. बोलता बोलता तिच्या लक्षात यायचं की आपल्याच हाताला ठाऊक असलेली गोष्ट आपल्याला ठाऊक नाही. शेजारशेजारचे बोल्ट ती कधीच सोडत नसे, समोरासमोरचे सोडायची. का? टकळीने विचारल्यावर ती पाना धरून पाच सेकंद नुसती थांबली. मग म्हणाली, "एका अंगाने सोडलं तर झाकण तिरकं उचलतं आणि खालचा वायसर चिमटतो." हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी फक्त 'असं' म्हणून दाखवलं होतं.

टकळी बोलायची पुस्तकी. तिच्या पोटात खात्याचा शब्दकोश भरला होता. ज्या झडपेतून हवा एकाच बाजूने जाते तिला ती 'प्रतिगमनरोधी झडप' म्हणायची. मौनीबाईने तिला 'एकमार्गी' म्हणायला शिकवलं, टकळीने मौनीबाईला 'प्रतिगमनरोधी' शिकवलं, आणि दोघींनाही एकमेकींचा शब्द हास्यास्पद वाटत राहिला. कामाच्या गोष्टी संपल्या की टकळी इतर विषय काढायची. निळा रंग गार असतो का? जिन्यावरून आत्ता गेला त्या माणसाच्या एका बुटाची टाच झिजली आहे, त्याला कोणी सांगत का नाही? माणसं हसण्याआधी श्वास का आत घेतात? मौनीबाई उत्तरं द्यायची. न देऊन सांगते कोणाला!

बाबांना मात्र ती किटली डोळ्यांसमोर नको व्हायची. ते आता ऐंशीला टेकले होते, खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. "बाबा, तुम्ही पंपाचं दुखणं आवाजावरून कसं ओळखायचा?" टकळी विचारायची. बाबा हात हलवून दाखवायचे. "दिसलं नाही बाबा." "मग तुझं काही खरं नाही," असं म्हणून बाबा उठून दुसऱ्या खोलीत जायचे. परीक्षेचा विषय निघाला तर त्यांचं एकच म्हणणं: "तोंडाने कुठे पंप चालतो?" ते स्वतः एकदाही परीक्षेला बसले नव्हते.

असं सगळं बरं चाललं असताना एके दिवशी साठ बिऱ्हाडांच्या एका इमारतीचा पंप बसला. सकाळी अकराच्या आत मौनीबाईने तो दुरुस्त केला. झकास चालू झाला. पण सहीराव दुसऱ्या विभागात प्रशिक्षणाला गेले होते, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आले नाहीत. साठ बिऱ्हाडं शाळेच्या सभागृहात सतरंज्यांवर बसून राहिली. त्यात आठ दिवसांचं बाळ घेतलेली एक बाळंतीण होती. तिची सासू हवाखोलीच्या दाराशी आली, कार्ड बघितलं, मौनीबाईचे काळे हात बघितले आणि म्हणाली, "काम तूच केलंस ना बाई? मग तूच कर की सही."

मौनीबाई काहीच बोलली नाही. टकळी मात्र टिपेच्या आवाजात म्हणाली, "आजी, काम झालंय! आत हवा अगदी छान आहे! फक्त नियम बाहेर आहे!" आजी सभागृहाकडे परत गेली. मौनीबाईला लाज वाटली. नुसती लाज नाही, रागही आला, आणि या खेपेला तो सहीरावांवर नव्हता, स्वतःवर होता. आपण चौथी संधी भीतीपोटी दाबून बसलो आणि त्याची शिक्षा एक तान्हं बाळ भोगतंय, हे तिला स्वच्छ दिसलं.

घरी जाताना टकळी म्हणाली, "ताई, परीक्षेचा अर्ज भरू का?"

मौनीबाई म्हणाली, "बघू."

आता तुम्हाआम्हाला कळतं की 'बघू' म्हणजे नाही. कोणी जेवायला बोलावलं आणि आपण 'बघू' म्हटलं की यजमानीण आपलं पान मांडत नाही. पण टकळी पडली शब्दकोशवाली. तिने त्याच संध्याकाळी अर्ज भरून पाठवला. तीन आठवड्यांनी परीक्षेचं बोलावणं आलं तेव्हा मौनीबाईने जी काय तोंडाची तोफ डागली ती ऐकून बाबासुद्धा खिडकी सोडून दारात आले.

"बघू म्हणजे नाही! एवढंही कळत नाही तुला?"

"शब्दकोशात 'बघू' म्हणजे 'पाहूया' असं दिलंय ताई. मला तर दिसत नाही. म्हणून मी समजले, बघायचं काम तुमचं आणि भरायचं माझं."

अर्ज मागे घ्यायची सोय नव्हती. गैरहजर म्हणजे नापास, असं बोलावण्याच्या तळाशी जाड अक्षरांत छापलं होतं.

परीक्षा दुपारी होती. लांबलचक पडवी, भिंतीला बाकडी, आणि टोकाला बंद दार. दाराशी बसलेल्या शिपायाने टकळीकडे बोट दाखवलं. "हे आत नेता येणार नाही. बोलणारी वस्तू आहे." मौनीबाईने टकळीला बाकावर ठेवलं. टकळी म्हणाली, "ताई, तुम्ही नीट श्वास घेत नाही आहात. तीन सेकंदांत दोनदा घेतलात." मग शिपायाकडे वळून, "काका, तुमच्या खुर्चीचा मागचा उजवा पाय कुरकुरतोय. ग्रीस लावलंत का कधी?" दार बंद होईपर्यंत मौनीबाईला तिचा आवाज ऐकू येत होता. मग तोही थांबला.

आत टेबलापलीकडे दोघं. मधोमध एक थोरले परीक्षक, पांढऱ्या केसांचे, शांत. त्यांच्या बाजूला चष्मा लावलेल्या तरुण बाई, समोर कोरे कागद. त्यांना उमेदवाराचा शब्दन्शब्द लिहून घ्यायचा होता.

"बसा," थोरले म्हणाले. "प्रतिगमनरोधी झडप निकामी झाली आहे. कशी बदलाल ते सांगा."

एकमार्गी! मौनीबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आयुष्यात चारेकशे बदलल्या असतील. तिने तोंड उघडलं, आणि काही नाही. जीभ टाळूला चिकटली. तसंच टेबल, तसेच दोन चेहरे, तीच घशाची कोरड. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. थोरल्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, अगदी आपुलकीने विचारला, आणि त्याने जास्तच वाईट झालं. तिला वाटलं, झालं. संपलं. आता मरेपर्यंत दुसऱ्याची सही.

थोरल्यांनी फाईल मिटायला हात पुढे केला, मग थांबले. "काहीतरी बोला बाई," ते हळूच म्हणाले. "कुठूनही सुरू करा."

मौनीबाईचे हात आपोआप टेबलावर आले. उजवा पान्यावर मिटला, डावा झाकणाखाली गेला, म्हणजे जिथे पाना आणि झाकण असायला हवं होतं तिथे. "असं..." तिचा आवाज फुटला. "आधी असं..."

चष्मेवाल्या बाई कागदावर वाकल्या होत्या. त्यांनी तेवढा शब्द लिहिला आणि पुढचा येईना म्हणून, मान वरही न करता, पेन धरूनच विचारलं:

"असं म्हणजे कसं?"

मौनीबाईने बघितलं. या बाईचे डोळे कागदावर. हिला माझे हात दिसतच नाहीयेत. हीसुद्धा आंधळीच! आणि अकरा वर्षं रोज सत्तर वेळा घासून घासून गुळगुळीत झालेली ती वाट तिच्या आत आपोआप उघडली. ती चिडली. सवयीनेच चिडली.

"अगं, ऐक नीट!" ती म्हणाली. "आधी पंप बंद करायचा. आणि लगेच हात घालायचा नाही, पाच मिनिटं थांबायचं. काटा शून्यावर आला तरी त्याचं ऐकायचं नाही, काटा म्हातारा झाला की खोटं बोलतो. तळहात झाकणावर ठेवायचा. गार लागलं की समजायचं, आत अजून हवा कोंडलीय आणि कुठून तरी सुटतेय. कोमट झालं की मग पाना. लिहिलंस?"

"लि... लिहिलं," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

"बोल्ट आठ असतात. समोरासमोरचे सोडायचे. माझ्या डावीकडे, म्हणजे झाकणाकडे तोंड करून उभं राहिलं की जी डावी येते ती. प्रत्येक अर्धाच सैल करायचा, मग दुसरी फेरी. शेजारचे सोडलेस तर झाकण तिरकं उचलेल आणि वायसर चिमटेल. मध्ये विचारू नकोस, सगळं सांगते."

आणि तिने सगळं सांगितलं. झडपेची चकती उजेडात न धरता बोटाने कशी तपासायची, कारण चीर डोळ्याआधी नखाला लागते. वायसर बसवताना बोट ओलं करून कडेने का फिरवायचं. पंप चालू झाल्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकायचं, आणि काय ऐकायचं: सुखी पंप घोटून घोटून एकसारखा बोलतो, दुखणाईत पंप मधेच आवंढा गिळतो, आणि ज्याची गाळणी तुंबलीय तो वाक्य अर्धंच सोडतो. थोरल्यांनी दोनदा मध्ये प्रश्न टाकला, दोन्ही वेळा तिने "सांगते ना, थांबा," म्हणून त्यांना गप्प केलं.

"शेवटी बोल्ट पूर्ण आवळायचे," ती म्हणाली, "आणि मग प्रत्येक पाव आटा मागे सोडायचा."

थोरले पुढे वाकले. "मागे? पुस्तकात तर पूर्ण आवळून ठेवायला सांगितलंय."

"मग पुस्तक चुकलंय. नळ गार पडले की झाकण आकसतं. मागे सोडलं नाही तर वायसर महिन्याभरात फाटतो आणि माणसं पुन्हा सतरंजीवर. ज्याने पुस्तक लिहिलं त्याने झडपेला हात लावलेला नसणार."

चष्मेवाल्या बाईंचं पेन थांबलं. थोरल्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले.

"पुस्तक मी लिहिलंय," ते म्हणाले. "आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे. नव्हता लावला." मग ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "एकेका खोलीतला वायसर दर महिन्याला का फाटतो, हे मी वीस वर्षं शोधतोय हो बाई!"

तेव्हा कुठे मौनीबाई भानावर आली. घड्याळात पन्नास मिनिटं गेली होती. आपण परीक्षक बाईंना 'अगं' म्हणालो. 'लिहिलंस का' विचारलं. तिने जीभ चावली. "माफ करा हं, मॅडम. सवय..."

"नको, नको," चष्मेवाल्या बाई घाईघाईने म्हणाल्या. त्यांच्यासमोर चौदा पानं भरली होती आणि बोटाला शाईचा डाग पडला होता. "ते कोमटचं फक्त एकदा पुन्हा सांगाल? मला घरच्या पंपाला बघायचंय."

निकाल तिथल्या तिथे लागला. थोरल्यांनी फाईलवर लिहिलं आणि कागद तिच्याकडे वळवला. पहिला वर्ग. चौदा पानांची एक प्रत त्यांनी तिला दिली आणि विचारलं की पुढच्या पुस्तकात हे जसंच्या तसं छापलं तर चालेल का. मौनीबाई 'बघू' म्हणणार होती. पण ती म्हणाली, "चालेल. पण 'एकमार्गी' लिहा. प्रतिगमनरोधी कोणी म्हणत नाही."

बाहेर पडवीत शिपाई उभा राहिला होता. "ताई, तुमच्या या किटलीने पन्नास मिनिटं तोंड उघडलं नाही हो," तो म्हणाला. "मला वाटलं बिघडली."

"बिघडले नव्हते," टकळी म्हणाली, आणि तिचा आवाज असा चढला की बाकडं थरथरलं. "भिंतीतून तुमचा आवाज येत होता ताई! पहिली पावणेदोन मिनिटं काहीच नाही, मी भोंगा वाजवायच्या बेतात होते. मग आलात तुम्ही! मग म्हटलं आता आपलं काय काम? काका, ऐकलंत ना? पाव आटा! पाव आटा मला ठाऊक होता, मी विचारला होता, सात वर्षांपूर्वी!" मौनीबाईने तिला उचलून छातीशी धरलं आणि भर पडवीत, शिपायाच्या देखत, मोठमोठ्याने हसत सुटली. पहिल्या वर्गाची मिस्त्रीण!

पहिली सही तिने त्याच आठवड्यात केली. दुरुस्ती आटोपून बाहेर आली, हात पुसले, कार्डावर ओळखपत्रावरचं ते अख्खं नाव लिहिलं आणि दार उघडून मोठ्याने म्हणाली, "चला, या घरी." जिन्यावर थांबलेली माणसं वर जाताना तिला ताई, काकू, बाई, ज्याला जे सुचेल ते म्हणत गेली. सहीराव मुद्दाम बघायला आले होते. कार्ड वाचून ते म्हणाले, "अरे, हे नाव होय तुमचं? छान आहे की." मौनीबाई म्हणाली, "आहेच मुळी छान. आणि उद्यापासून जरा आतही येत चला, एकमार्गी कशी बदलतात ते शिकवते." सहीराव हो म्हणाले, आणि खरोखरच आले.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी मात्र ती सरळ घरी गेली होती. बाबा खिडकीशी बसले होते. पास झाल्याचं ऐकून ते "बरं" म्हणाले, आणि 'तोंडाने कुठे पंप चालतो' असा चेहरा करून पुन्हा बाहेर बघायला लागले. तिने स्टूल ओढलं, त्यांच्या गुडघ्याशी बसली आणि चौदा पानं मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

पहिल्या पानाला बाबांनी मान फिरवली. दुसऱ्या पानाला त्यांचे हात मांडीवरून उचलले गेले. तळहात झाकणावर ठेवायचा, तिने वाचलं, आणि बाबांचा तळहात हवेत टेकला. समोरासमोरचे सोडायचे, आणि त्यांचं मनगट डावीकडे वळलं, मग पलीकडे. ती वाचत गेली तसे ते हात चालत गेले, एक शब्द मागे नाही की पुढे नाही. पाव आट्यापाशी मनगट किंचित उलटं फिरलं आणि थांबलं. "हेच तर मी बाबांना अकरा वर्षं विचारतेय," टकळी टेबलावरून म्हणाली, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वाचून संपलं. बाबा कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "एवढं सगळं मला येत होतं?"

"हो, बाबा. एवढं सगळं."

त्यांनी तिच्या हातातली पानं घेतली, नीट एकावर एक लावली आणि तिला परत दिली. "पुन्हा वाच," ते म्हणाले. "पहिल्यापासून."